गर्भाशयाच्या अस्तराचे दुर्मीळ दाह : निदानात होणाऱ्या या चुका टाळा

प्रसूतीनंतर किंवा गर्भपातानंतर ताप आला, ओटीपोट दुखू लागले, स्रावाला दुर्गंधी आली, तर अस्तराला संसर्ग झाला आहे हे ओळखायला फार वेळ लागत नाही. खरी अडचण असते ती क्वचित दिसणाऱ्या दाहांची. टीबी, झँथोग्रॅन्युलोमॅटस दाह, मॅलाकोप्लाकिया, लिग्नियस दाह, ऍक्टिनोमायकोसिस, सायटोमेगॅलोव्हायरस किंवा हर्पिसचा संसर्ग, या सगळ्यांच्या तक्रारी जवळपास सारख्याच असतात: मधेच होणारा रक्तस्राव, अंगावरून जाणे, दुखणे, गर्भ न राहणे. कधी तर तक्रार नसतेच. सोनोग्राफीत अस्तर जाड दिसते किंवा पोकळीत द्रव दिसतो, आणि त्यापलीकडे तिच्याकडून फारसे कळत नाही. आजाराचे नाव ठरते ते अस्तराच्या तुकड्यावरून. म्हणून हा तुकडा कधी काढला, कशात ठेवला आणि सोबत काय लिहून पाठवले, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. सूक्ष्मदर्शकाखालच्या चुकांपेक्षा त्याआधीच्या चुका जास्त महाग पडतात, कारण त्या नंतर दुरुस्त करता येत नाहीत.

चूक : सगळा नमुना फॉर्मलिनमध्ये टाकणे

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक हीच. बायोप्सी झाली की सवयीने सगळा नमुना फॉर्मलिनच्या, म्हणजे ऊती टिकवणाऱ्या द्रावणाच्या, बाटलीत जातो. दहा दिवसांनी रिपोर्टमध्ये ग्रॅन्युलोमा (दाहाच्या पेशींची बारीक गाठ) येतो, मग कल्चरची, म्हणजे जिवाणू वाढवून पाहण्याची, आठवण होते. तोवर जिवाणू मेलेले असतात. फॉर्मलिनमधल्या ऊतीवर कल्चर होत नाही. पीसीआर कधीकधी जमतो, पण डीएनएचे तुकडे झालेले असल्याने त्याचे नकारात्मक उत्तर धरून चालता येत नाही.

बायोप्सीच्या आधीच बाटल्या मांडून त्यांवर लेबले लावावीत. हिस्टोपॅथॉलॉजीसाठी (ऊतीची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी) १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन, ऊतीच्या किमान दहापट. टीबीच्या कल्चरसाठी आणि जीनएक्सपर्टसारख्या डीएनए शोधणाऱ्या चाचणीसाठी निर्जंतुक डबीत साधे नॉर्मल सलाईन, तुकडा ओला राहील इतकेच, म्हणजे दोन-तीन मिलिलिटर. डबी सलाईनने काठोकाठ भरली तर आधीच मोजके असलेले जिवाणू आणखी विरळ होतात. या डबीत फॉर्मलिनचा थेंबही पडू देऊ नये. एकच क्युरेट (खरवडायचे उपकरण) किंवा चिमटा दोन्ही बाटल्यांत बुडवला तरी काम बिघडते, म्हणून सलाईनची डबी आधी भरावी आणि फॉर्मलिनची नंतर. ऍक्टिनोमायकोसिसची शंका असेल तर ऍनेरोबिक (ऑक्सिजनविरहित) ट्रान्सपोर्ट माध्यम लागते, कारण हे जिवाणू हवेत टिकत नाहीत.

पोचवण्याचे नियमही एकसारखे नाहीत. टीबीचा नमुना लगेच देता येत नसेल तर २ ते ८ अंश सेल्सिअसला फ्रिजमध्ये ठेवावा. ऍनेरोबिक नमुना मात्र फ्रिजमध्ये ठेवू नये, खोलीच्या तापमानालाच लवकरात लवकर पाठवावा. फॉर्मलिनमधला तुकडा किमान ६ तास मुरला पाहिजे. त्याआधी प्रक्रियेला घेतला तर पेशी नीट दिसत नाहीत आणि इम्युनोस्टेन (अँटिबॉडी वापरून केलेले रंग) फिके येतात. तुकडा कोरड्या कापसावर किंवा गॉजवर काढून ठेवू नये. अस्तर नाजूक असते, ते गॉजच्या धाग्यांत अडकते आणि सुकते.

चूक : पाळीचा दिवस न पाहता बायोप्सी करणे

अस्तर दर महिन्याला झडते आणि नव्याने उगवते. शरीरात असा दुसरा अवयव नाही, म्हणून इथे तारखेला फार महत्त्व आहे. टीबीचा ग्रॅन्युलोमा वाढायला वेळ लागतो. नळ्यांमधून जिवाणू अस्तरात उतरतात, गाठ बांधली जाऊ लागते आणि तेवढ्यात पाळी येऊन वरचा थर निघून जातो. त्यामुळे पाळीनंतर लगेच घेतलेल्या तुकड्यात काहीच दिसत नाही. टीबीची शंका असेल तर पाळी येण्याच्या अगदी आधीचे दिवस गाठावेत. २८ दिवसांच्या चक्रात हा काळ साधारण २४ ते २६व्या दिवसांचा. त्या चक्रात गर्भधारणा झालेली नाही याची खात्री आधी करावी: आधीपासून निरोधाचा वापर आणि बायोप्सीच्या दिवशी गर्भचाचणी.

प्लाझ्मा पेशींवरून (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशी) ओळखल्या जाणाऱ्या जुनाट दाहासाठी नेमका उलटा हिशेब आहे. चक्राच्या उत्तरार्धात स्ट्रोमा (ग्रंथींमधली आधार देणारी ऊती) सुजतो, त्याच्या पेशी गोलसर होतात, नैसर्गिक मारक पेशींची गर्दी होते आणि या सगळ्यात प्लाझ्मा पेशी हरवून जातात. म्हणून पाळी थांबल्यावर, साधारण ६ ते १२व्या दिवसांत, बायोप्सी घ्यावी. पाळी चालू असताना घेतलेला तुकडा तर दोन्हींसाठी निरुपयोगी. पाळीच्या अस्तरात न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) असतातच, आणि त्यांना तीव्र दाह समजून अँटिबायोटिक सुरू झाल्याची उदाहरणे भरपूर आहेत. न्यूट्रोफिल ग्रंथीच्या पोकळीत साचून तिचे आवरण फोडत असतील, किंवा स्ट्रोमात पुवाचे बारीक खिसे झाले असतील, तरच दाह म्हणावे.

थोडक्यात, आधी प्रश्न ठरवावा आणि मग दिवस. एकाच बायोप्सीत दोन्ही प्रश्न सोडवायला गेले की दोन्ही अर्धवट राहतात.

चूक : कोरा फॉर्म पाठवणे

«एंडोमेट्रियल बायोप्सी, एचपीई» (अस्तराचा तुकडा, हिस्टोपॅथॉलॉजी तपासणी) एवढेच लिहिलेल्या फॉर्मवर पॅथॉलॉजिस्ट फार काही करू शकत नाही. शेवटच्या पाळीची तारीख, चक्र किती दिवसांचे, हॉर्मोनच्या गोळ्या चालू आहेत का, तांबी आहे का आणि किती वर्षांपासून, पूर्वी टीबी झाला होता का, रेडिओथेरपी झाली का, अवयवप्रत्यारोपण किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, आणि गर्भाशयावर आधी केलेली प्रत्येक प्रक्रिया, हे सगळे लिहायला दोन मिनिटे पुरतात.

शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा. जास्त रक्तस्रावासाठी एंडोमेट्रियल ऍब्लेशन (अस्तर जाळून टाकणे) केलेल्या स्त्रियांमध्ये जळलेल्या ऊतीभोवती महिनोन्‌महिने ग्रॅन्युलोमा राहतात. मध्ये मृत ऊती, भोवती महाकाय पेशी, म्हणजे हुबेहूब टीबीचे चित्र. त्यात तपकिरी किंवा काळे रंगद्रव्य सापडले तर शंका यावी, पण ऍब्लेशनची नोंदच नसेल तर ती शंका घ्यायला आधार राहत नाही. मग सहा महिन्यांचे टीबीचे औषध विनाकारण सुरू होते.

चूक : ग्रॅन्युलोमा म्हणजे टीबी, आणि ग्रॅन्युलोमा नाही म्हणजे टीबी नाही

दोन्ही अर्ध्या भागांत घोटाळा आहे. आधी दुसरा पाहू. जननेंद्रियांच्या टीबीत नळ्या जवळपास नेहमीच ग्रासलेल्या असतात, अस्तर मात्र प्रत्येकीचे नसते. शिवाय अस्तरातले ग्रॅन्युलोमा विखुरलेले आणि लहान असतात. एका कापात नसले तरी ५० मायक्रॉन खाली सापडू शकतात, म्हणून शंका असलेल्या प्रत्येक ब्लॉकमधून (मेणात बसवलेला तुकडा) किमान तीन वेगवेगळ्या पातळ्यांचे काप घ्यावेत. केसिएशन, म्हणजे मधली चीजसारखी मृत ऊती, इथे क्वचित दिसते. कारण तेच, तेवढा वेळ मिळत नाही. पाळी बंद झालेल्या स्त्रीत अस्तर झडत नाही, तिथे केसिएशन दिसू शकते. ग्रॅन्युलोमा सापडत नसेल तर शेजारच्या खुणांकडे पाहावे: ग्रंथींच्या पोकळीत न्यूट्रोफिल, भोवती लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा पेशी, आणि काही ग्रंथी तारखेच्या मानाने मागे राहिलेल्या, स्राव न दाखवणाऱ्या. असे दिसले की आणखी काप.

झील-नील्सन या टीबीसाठीच्या रंगाने जिवाणू दिसायला नमुन्यात दर मिलिलिटरला सुमारे ५,००० ते १०,००० जिवाणू लागतात. अस्तरात इतके सहसा नसतात, म्हणून हा रंग नकारात्मक येणे अपेक्षितच असते. त्यावरून टीबी फेटाळू नये. जीनएक्सपर्टची मर्यादा थुंकीवरच्या मोजमापात दर मिलिलिटरला सुमारे १३० जिवाणूंची होती, अल्ट्रा आवृत्तीची सुमारे १६. लिक्विड कल्चरला सहा आठवड्यांपर्यंत थांबावे लागते, आणि अंतिम नकारात्मक रिपोर्ट येण्याआधीच «कल्चर निगेटिव्ह» धरून निर्णय घेतले जातात. अंतरिम रिपोर्ट आणि अंतिम रिपोर्ट यांतला फरक पाहून घ्यावा.

आता पहिला भाग. ग्रॅन्युलोमा दिसल्यावर टीबीच्या आधी किंवा सोबत हे तपासावे: ऍब्लेशन, टाके किंवा टाल्कसारखी बाहेरची वस्तू (पोलराइझ्ड प्रकाशात चमकते), बुरशी (पीएएस आणि सिल्व्हर रंग), शिस्टोसोमासारख्या परजीवींची अंडी, ट्यूमरमधून सुटलेले केराटिन, आणि सार्कॉइडोसिस (ग्रॅन्युलोमा करणारा, कारण न कळलेला आजार). सार्कॉइडोसिस अस्तरात फार क्वचित येतो आणि तो शेवटी, बाकी सगळे फेटाळल्यावर आणि छातीच्या तपासणीसह ठरवायचा असतो. केसिएशन नाही म्हणून तो सार्कॉइड, हा तर्क अस्तरात चालत नाही. टीबीतही ते बहुधा नसतेच.

फक्त पीसीआर पॉझिटिव्ह, बाकी सगळे नॉर्मल, अशा परिस्थितीत थेट औषधे सुरू करण्याचा मोह होतो. पीसीआर मेलेल्या जिवाणूंचा डीएनएही पकडतो आणि प्रयोगशाळेतली भेसळही. हिस्टोपॅथॉलॉजी, कल्चर, लॅपरोस्कोपी (पोटात दुर्बिणीने पाहणे) किंवा हिस्टेरोस्कोपीतली (गर्भाशयात दुर्बिणीने पाहणे) खूण यांपैकी कशाची तरी जोड हवी. मांटू (त्वचेवरची) आणि आयजीआरए (रक्तावरची) चाचण्या जिवाणूशी कधीतरी संबंध आला एवढेच सांगतात. सुप्त संसर्ग आणि चालू आजार यांत त्या फरक करत नाहीत.

चूक : सीडी१३८चा तपकिरी ठिपका दिसला की जुनाट दाह

सीडी१३८ हा इम्युनोस्टेन प्लाझ्मा पेशी शोधायला उपयोगी आहे, पण ग्रंथींच्या आवरणाच्या पेशींनाही तो गडद रंगवतो. ग्रंथीला चिकटून किंवा तिरप्या कापात आलेली आवरणाची पेशी हमखास प्लाझ्मा पेशी म्हणून मोजली जाते. शंका असेल तर नेहमीच्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगाच्या कापात तीच जागा पाहावी. बाजूला सरकलेले केंद्रक, त्यात घड्याळाच्या तबकडीसारखी क्रोमॅटिनची मांडणी आणि केंद्रकाशेजारी फिकट डाग, हे तिन्ही दिसले तर ती प्लाझ्मा पेशी. एमयूएम१ हा रंग केंद्रकात येतो आणि ग्रंथींना रंगवत नाही, त्यामुळे गोंधळ कमी होतो.

किती पेशी म्हणजे दाह, यावर एकमत नाही. कोणी एका हाय-पॉवर फील्डमध्ये (मोठ्या भिंगातून एका वेळी दिसणारे वर्तुळ) एक धरतो, कोणी दहा फील्डमध्ये पाच. त्यातही फील्डचा आकार आयपीसप्रमाणे बदलतो: ०.५० मिलिमीटर व्यासाचे फील्ड ०.१९६ चौरस मिलिमीटरचे, ०.५५ व्यासाचे ०.२३८ चौरस मिलिमीटरचे. म्हणजे एकाच स्लाइडवर दोन सूक्ष्मदर्शकांची मोजणी जवळपास वीस टक्क्यांनी वेगळी येऊ शकते. रिपोर्टमध्ये पेशींची संख्या आणि पाहिलेले क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये लिहावे, नुसते «पॉझिटिव्ह» लिहू नये. एखाददुसरी प्लाझ्मा पेशी निरोगी अस्तरातही आढळते. पॉलिपमध्ये, फायब्रॉइडवरच्या ताणलेल्या अस्तरात, गर्भपातानंतर उरलेल्या ऊतीभोवती आणि कॅन्सरच्या शेजारीही त्या असतात, तेव्हा मूळ कारण सोडून दाहाच्या मागे लागू नये. अस्तराच्या तळच्या थरातले लिम्फोसाइटचे पुंजके तर नॉर्मलच.

चूक : फेसाळ पेशींवर थांबणे

पाळी बंद झालेली स्त्री, गर्भाशयमुख आकसलेले, पोकळीत पू किंवा जुने रक्त साचलेले. अशा ठिकाणी चरबी भरलेल्या फेसाळ मॅक्रोफेजची (जंतू आणि कचरा गिळणाऱ्या पेशी) चादरच तयार होते. सोबत महाकाय पेशी, कोलेस्टेरॉलच्या सुईसारख्या फटी, लोहाचे रंगद्रव्य. हा झँथोग्रॅन्युलोमॅटस दाह. रेडिओथेरपीनंतरही तो दिसतो. एमआरआयमध्ये तो पसरलेल्या कॅन्सरसारखा दिसू शकतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली क्लिअर सेल कार्सिनोमासारखा. सीडी६८ (मॅक्रोफेजची खूण) पॉझिटिव्ह आणि सायटोकेरॅटिन (आवरणाच्या पेशींची व कार्सिनोमाची खूण) निगेटिव्ह आले की पेशी मॅक्रोफेज आहेत हे ठरते.

इथे धोका उलट्या बाजूनेही आहे, आणि आमच्या मते तो मोठा आहे. फेसाळ पेशी सौम्य ठरल्या म्हणून फाइल बंद होते आणि त्याच गर्भाशयातला कॅन्सर सुटतो. गर्भाशयमुख अडवून पू साचायला ट्यूमर हे एक नेहमीचे कारण आहे. म्हणून सगळा नमुना ब्लॉकमध्ये घ्यावा, एकही तुकडा बाटलीत उरू देऊ नये. पायोमेट्रा (गर्भाशयात साचलेला पू) असेल तर त्याच बैठकीत जोराने क्युरेटिंग करू नये, कारण पुवाने भिंत मऊ झालेली असते आणि गर्भाशयाला भोक पडते. आधी मुख हलकेच रुंद करून पू काढावा, पू कल्चरला द्यावा, अँटिबायोटिकने संसर्ग ओसरू द्यावा, आणि मग पुन्हा नमुना घ्यावा. ही दुसरी बायोप्सी राहून जाते. तारीख पहिल्याच दिवशी ठरवून टाकावी.

फेसाळ पेशींच्या ऐवजी दाणेदार, गुलाबी पोटाच्या मॅक्रोफेज दिसल्या तर मॅलाकोप्लाकियाचा विचार करावा. १९०२ साली मायकेलिस आणि गुटमान यांनी वर्णन केलेले गोल, एकात एक वर्तुळे असलेले, साधारण ५ ते १० मायक्रॉनचे कण ही त्याची खूण. मॅक्रोफेज जिवाणू गिळते, बहुधा ई. कोलाय, पण पचवू शकत नाही, आणि अर्धवट पचलेल्या अवशेषांवर कॅल्शियम व लोह चढते. नेहमीची चूक अशी की नुसता पर्ल्सचा लोहाचा रंग करून निर्णय दिला जातो. गर्भाशयात जुन्या रक्तस्रावाचे लोह सगळीकडेच असते. पर्ल्ससोबत कॅल्शियमसाठी फॉन कोसा आणि डायास्टेसनंतर पीएएस, असे तिन्ही करावेत, आणि कणाचा वर्तुळाकार आकार डोळ्यांनी पाहावा. औषध निवडताना मॅक्रोफेजच्या आत शिरणारे अँटिबायोटिक लागते, उदाहरणार्थ फ्लुओरोक्विनोलोन किंवा ट्रायमेथोप्रिम-सल्फामेथॉक्साझोल.

चूक : लाकडासारखे कडक अस्तर पुन्हा पुन्हा खरवडणे

लिग्नियस दाह अतिदुर्मीळ आहे, पण चुकला तर त्रास वर्षानुवर्षे चालतो. प्लाझ्मिनोजेन हे गुठळी विरघळवणारे प्रथिन जन्मतःच कमी असल्याने फायब्रिन विरघळत नाही आणि श्लेष्मल त्वचेवर कडक थर साचत जातात. कापात ते गुलाबी, एकजीव दिसतात आणि अमायलॉइड (ऊतीत साचणारे वेगळे प्रथिन) समजले जातात. त्यासाठीचा काँगो रेड रंग निगेटिव्ह आणि फायब्रिनचा रंग पॉझिटिव्ह आला की दिशा बदलावी. रुग्णाला विचारावे: डोळ्यांच्या पापण्यांच्या आत पडदे येतात का, हिरड्या सुजून जाड झाल्या का, लहानपणी डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली का. मग रक्तातील प्लाझ्मिनोजेनची क्रियाशीलता तपासावी. प्रत्येक क्युरेटिंग नवी जखम करते आणि जखमेवर पुन्हा फायब्रिन साचतो. रक्तस्रावासाठी दिले जाणारे ट्रानेक्सॅमिक ऍसिड तर प्लाझ्मिनोजेनचेच काम अडवते, त्यामुळे इथे ते नकोच. अमेरिकेत २०२१ मध्ये शिरेतून देण्याच्या प्लाझ्मिनोजेनला मंजुरी मिळाली आहे, म्हणजे या निदानाला आता उपचाराची जोडही आहे.

चूक : तांबीवरच्या प्रत्येक दाण्याला ऍक्टिनोमायसिस म्हणणे

तांबी असलेल्या स्त्रीच्या नमुन्यात किरणांसारखी मांडणी असलेले दाणे दिसतात. त्यांतले बरेचसे खोटे असतात: जाड, चमकदार, टोकाला गदेसारखे, आत जिवाणूंचे धागे नसलेले. खऱ्या ऍक्टिनोमायसिसमध्ये एक मायक्रॉनपेक्षा बारीक, फाटे फुटलेले, मण्यांच्या माळेसारखे धागे असतात. ते ग्राम आणि सिल्व्हर रंग घेतात, ऍसिड-फास्ट रंग घेत नाहीत. त्यांच्यासारखाच दिसणारा नोकार्डिया हा जिवाणू सुधारित ऍसिड-फास्ट रंग थोडासा घेतो. पॅप स्मिअरमध्ये ऍक्टिनोमायसिस दिसला आणि कसलीच तक्रार नसेल, तर अँटिबायोटिकही नको आणि तांबी काढायचीही गरज नाही. ऊतीत शिरलेला आजार मात्र गंभीर असतो. त्यात तांबी काढून पेनिसिलिन महिनोन्‌महिने द्यावे लागते.

चूक : पारदर्शक केंद्रक म्हणजे हर्पिस

गर्भारपणातल्या अस्तरात ग्रंथींच्या केंद्रकांत बायोटिन साचून ती काचेसारखी होतात आणि हर्पिसची आठवण करून देतात. एकात एक दाबलेली अनेक केंद्रके आणि ऊतीचा नाश नसेल, शेजारी आरियास-स्टेला बदल (गर्भारपणात ग्रंथींत होणारा बदल) किंवा कोरिऑनिक व्हिली (वारेचे तंतू) असतील, तर ती गर्भारपणाचीच खूण. पुढचा सापळा असा की एविडिन-बायोटिन पद्धतीचा इम्युनोस्टेन याच केंद्रकांना खोटा पॉझिटिव्ह दाखवतो. पॉलिमर पद्धत वापरावी आणि प्राथमिक अँटिबॉडी न घातलेला काप सोबत ठेवावा. सायटोमेगॅलोव्हायरसचा घुबडाच्या डोळ्यासारखा मोठा समावेश ग्रंथींत आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या थरातही शोधावा, विशेषतः प्रतिकारशक्ती दाबलेल्या रुग्णांत.

जुनाट दाह फार जोरात असेल तर मोठ्या लिम्फॉइड पेशींची गर्दी होऊन लिम्फोमाचा (लसिका पेशींचा कॅन्सर) भास होतो. पेशी मिश्र असतील, जर्मिनल केंद्रे दिसत असतील, कॅपा आणि लॅम्डा हे अँटिबॉडीच्या साखळ्यांचे दोन्ही प्रकार असतील आणि घुसखोरी वरवरचीच असेल, तर लिम्फोमाचा शिक्का मारण्याआधी थांबावे.

चूक : उपचार झाला, पुन्हा पाहिले नाही

जुनाट दाहासाठी डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, १४ दिवस, हा नेहमीचा पहिला उपचार. गर्भारपणात तो देत नाहीत. कोर्स संपल्यावर पुढच्या पाळीनंतर, पहिल्या वेळेच्याच दिवसांत, पुन्हा बायोप्सी घ्यावी आणि त्याच रंगाने, त्याच मोजणीने तुलना करावी. दोन कोर्सनंतरही प्लाझ्मा पेशी तशाच असतील, तर तिसरा कोर्स लिहिण्याआधी हिस्टेरोस्कोपी करावी. पॉलिप, उरलेली ऊती, चिकटलेल्या भिंती किंवा विसरलेली तांबी सापडते. एक मिलिमीटरपेक्षा लहान बारीक पॉलिपची मखमल आणि लाल भागावर स्ट्रॉबेरीसारखे पांढरे ठिपके हिस्टेरोस्कोपीत दिसले तर त्याच जागेचा तुकडा घ्यावा. पिपेलसारखी बायोप्सीची बारीक नळी पोकळीचा थोडाच भाग खेचते, ठरावीक जागेचा आजार तिला चुकू शकतो. श्रोणिभागात तीव्र संसर्ग चालू असताना मात्र हिस्टेरोस्कोपी करू नये.

रिपोर्ट आणि लक्षणे जुळत नसतील तर लगेच नवी बायोप्सी करण्याआधी जुना पॅराफिन ब्लॉक मागवावा. त्याच ब्लॉकमधून आणखी खोलवरचे काप, झील-नील्सन, पीएएस, सिल्व्हर आणि हवा तो इम्युनोस्टेन करता येतो. ब्लॉक दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडे देताना पहिला रिपोर्ट, पाळीची तारीख आणि झालेल्या प्रक्रियांची यादी सोबत द्यावी, आणि पाठवताना एक काप व एक ब्लॉक मूळ प्रयोगशाळेत राहील असे पाहावे.